परसातली खेळपट्टी

सांगलीतील आमच्या घरामागच्या परसात आज कृत्रिम गवताची क्रिकेटची सरावपट्टी अंथरून झाली. अंथरणे दुपारपर्यंत आटोपले. खरा वेळ त्याआधी जमिनीत गेला, कारण आमची काळी माती पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी असल्यामुळे ती खोदून काढून, त्या जागी मुरूम व खडीचे थर पाणी मारून रोलरने दाबावे लागले आणि पाणी साचू नये म्हणून एका बाजूला हलका उतार द्यावा लागला. दोन पट्ट्यांचा सांधा जुळवताना पात्यांचा कल एकाच दिशेला आहे ना, हे कारागिराने तळहाताने चाचपून पाहिले आणि मगच खाली जोडपट्टी ठेवून गोंद लावला. त्यानंतर कोरडी सिलिका वाळू पसरून ती ताठ ब्रशने पात्यांच्या मुळाशी उतरवली. तिच्या वजनाने गवत जागचे हलत नाही आणि पातीही उभी राहतात.

स्टंपपासून स्टंपपर्यंतचे २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर, कसेबसे बसले. गोलंदाजाची धाव मात्र पेरूच्या झाडापाशी अडते, त्यामुळे चिरंजीव फिरकीकडे वळतील अशी मला आशा आहे. दुपारच्या उन्हात त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नव्हते, तेव्हा खेळ ऊन उतरल्यावरच, असे आईने तिथल्या तिथे जाहीर केले आहे.