आमची वाटचाल : ‘काका, गाडी लागली’

कोल्हापुरात आमचा भाड्याच्या गाड्यांचा धंदा. पहिली गाडी बँकेचं कर्ज काढून घेतली, तेव्हा डोक्यात हिशेब एकच होता: किलोमीटर जास्त, थांबे कमी.

तो हिशेब आंबोली घाटात मोडला. सावंतवाडीकडे उतरत होतो. मागे चार-पाच वर्षांची मुलगी, हातात मोबाईल, कार्टून चालू. “काका, गाडी लागली,” म्हणाली. रात्री दुसरं भाडं होतं, म्हणून म्हटलं, पुढच्या वळणावर थांबू. तेवढा दम तिला निघाला नाही. आई बाटलीतल्या पाण्याने फ्रॉक पुसत होती आणि ती पोर रडत रडत मलाच “सॉरी काका” म्हणत होती. चूक माझी होती.

पुढे एका प्रवाशानेच कारण समजावलं, ते बालरोगतज्ज्ञ होते. डोळ्यांसमोर पडदा स्थिर, पण कानाच्या आतल्या भागाला वळण जाणवतं. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि पोटात ढवळायला लागतं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त.

आता घाटाआधी आजऱ्याला अर्धा तास थांबतो, वेटिंगचे पैसे लावत नाही. तांबडा-पांढरा परतीच्या वाटेवर. जाताना चुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, घोटघोट पाणी. चित्रांची वही आणि खडू गाडीत असतात, पण ते थांब्यावरच काढायचे. चालत्या गाडीत जरा मोठ्या मुलांना टिकल्यांचं पाकीट देतो, ही कल्पना बायकोची. काचेवर टिकल्या लावून लांबच्या डोंगराला डोळे काढायचे, झाडांना फळं लावायची. नजर आपोआप बाहेर जाते. तान्ह्या-रांगत्यांना मात्र टिकल्या नाहीत, लगेच तोंडात जातात.

वाद होतो तो छोट्यांच्या सीटवरून. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. आजी म्हणतात, “आम्ही सगळी पोरं मांडीवरच आणली की!” मी वाद घालत नाही, पण मूल सीटवर बांधल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. करकचून ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल कुणालाच धरवत नाही. एक-दोन भाडी यापायी गेली, जाऊ देत.

आज चार गाड्या आहेत. वळणाआधीच वेग उतरवायचा, ऐन वळणात ब्रेक मारायचा नाही, हे सांगून कुणाला पटत नाही. म्हणून नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी स्टिअरिंग देतच नाही. मागच्या सीटवर बसवतो, हातात मोबाईल देतो आणि आंबोली उतरायला लागतो.