जीटी ७३०चा ड्रायव्हर आणि पन्नास टक्क्यांवर थांबलेला प्रोसेसर : माझा अनुभव

पीसी असा : आय५-३४७० प्रोसेसर, २०१२ सालचा, चार कोअरचा, मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ. ८ जीबी डीडीआर३ रॅम, २४० जीबीची एसएसडी, जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड, विंडोज १०. जागा मुलुंडच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकल्यापासून त्रास सुरू झाला. विंडो सरकवली की अडखळायची, यूट्यूबवर १०८०चा व्हिडिओ लावला की माउसचा बाणही थांबून थांबून हलायचा, पंखा सतत घोंघावायचा. टास्क मॅनेजर मात्र सीपीयू, म्हणजे प्रोसेसरचा वापर, ५० टक्के दाखवत होता.

हा आकडा बघून अर्धा प्रोसेसर मोकळा आहे असं वाटतं आणि माणूस रॅम नाहीतर व्हायरसच्या मागे लागतो. पण विंडोज १०चा टास्क मॅनेजर ही टक्केवारी प्रोसेसरच्या मूळ वेगाच्या हिशेबाने काढतो. ३.२चा प्रोसेसर गरम होऊन १.६वर उतरला, तर चारही कोअर पूर्ण राबत असले तरी आकडा ५०च्या आसपासच अडतो. म्हणून परफॉर्मन्स टॅबमध्ये टक्क्यांच्या शेजारी ‘स्पीड’ असतो, तो आधी वाचायचा. पीसी रिकामा बसलेला असताना १.६ दिसलं तर काळजी नाही, वीज वाचवायला तो स्वतःच खाली येतो. व्हिडिओ चालू असताना १.५९ दिसत होतं, ते मात्र बरोबर नव्हतं. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कोअरचं तापमान शंभरच्या पुढे होतं. हा प्रोसेसर १०५ अंशांना पोचला की जळू नये म्हणून वेग पाडतो.

म्हणजे दोन गोष्टी शोधायच्या होत्या : एवढा तापतो का, आणि एवढं काम त्याच्यावर येतं कुठून. आधी उष्णता हाताळली, कारण वेग पडलेला असताना बाकीच्या कुठल्याच आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

प्रोसेसरवरच्या कूलरचा पंखा काढल्यावर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धूळ नुसती बसलेली नव्हती, जमली होती. फोडणीच्या तेलाचा अंश आणि मुंबईची दमट हवा मिळून तिचा नमद्यासारखा राखाडी थर होतो, तो चिमटीत धरून सोलून निघतो. असा थर नुसत्या ब्लोअरने उडत नाही. आधी मऊ ब्रशने सोडवायचा, मग ब्लोअर मारायचा, आणि मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. हवेच्या झोताने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं.

इंटेलच्या मूळ कूलरला चार पुश-पिन असतात. काढताना पिनचं डोकं त्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायचं. बसवताना डोकं उलट फिरवून जागेवर आणायचं आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा ‘टक’ ऐकू आला पाहिजे. माझ्याकडे खरा दोष इथेच निघाला. चारपैकी एक पिन बोर्डाच्या आरपार गेलीच नव्हती, त्यामुळे कूलर एका कोपऱ्यात उचललेला होता आणि प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा ठसा अर्ध्याच भागावर होता. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली आणि बोटाने न पसरवता कूलर दाबला. नंतर बोर्ड बाहेर काढून मागून चारही पिनांची टोकं बाहेर आलेली बघितली. कंटाळा आला तरी एवढं बघाच.

आता व्हिडिओ चालू असताना तापमान ७० अंशांच्या आत आणि वेग ३.२च्या वर राहू लागला. सीपीयू मात्र ९० टक्के! हे बिघडल्याचं लक्षण नव्हतं, काम किती आहे त्याचा खरा आकडा आता दिसत होता.

मग प्रोसेसेस टॅबमध्ये सीपीयूच्या शीर्षकावर क्लिक करून क्रम लावला. सगळ्यात वर ब्राउझर, त्याखाली ‘डेस्कटॉप विंडो मॅनेजर’ २० टक्क्यांच्या पुढे. पडद्यावरच्या विंडो एकत्र रचून दाखवायचं काम हा करतो. कार्ड नीट चालू असेल तर साध्या कामात तो एक-दोन टक्क्यांवर असतो. तो इतका खातोय म्हणजे ग्राफिक्सचं काम कार्डाऐवजी प्रोसेसर करतोय. परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, नोंदच नव्हती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ होता. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्ड चालवू देणारं सॉफ्टवेअर; चित्र दिसावं एवढ्यापुरता हा कामचलाऊ ड्रायव्हर असतो. रेखाटन आणि व्हिडिओ उलगडणं हे सगळं मग प्रोसेसरच्या माथी येतं.

कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर टाकायला गेलो तर सुसंगत हार्डवेअर सापडत नाही असं सांगून इन्स्टॉलर थांबला. जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिप आहेत, हे माहीत नसेल तर इथे दिवस जातो. एक फर्मी पिढीची जीएफ१०८ : ९६ कोअर, १२८ बिट डीडीआर३, ४९ वॅट. दुसरी केप्लर पिढीची जीके२०८ : ३८४ कोअर, ६४ बिट. फर्मीसाठी शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८चा. केप्लरला ४७०च्या शाखेपर्यंतचे चालतात. खोक्यावरच्या नावावरून हे कळत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग यादीतून हार्डवेअर आयडीज निवडायचं. तिथे ‘डीईव्ही’नंतर चार अक्षर-आकडे असतात. ०एफ०२ असेल तर फर्मी, १२८७ असेल तर केप्लर. माझं ०एफ०२ निघालं. मुंबईत कॉम्प्युटरच्या सामानाच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जुनं जीटी ७३० घ्यायचं असेल, तर दुकानातल्या पीसीवर लावून जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये चिपचं नाव बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

अर्धवट बसलेल्या ड्रायव्हरवर दुसरा चढवायचा नाही. ३९१.३५ची फाइल आधी उतरवून ठेवली आणि लॅनची केबल काढली; नेट चालू राहिलं तर विंडोज मधल्या मध्ये स्वतःच एखादा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबून सेफ मोड. तिथे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून ‘क्लीन अँड रीस्टार्ट’. परत आल्यावर इन्स्टॉलरमध्ये कस्टम निवडलं आणि फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर व फिजएक्स ठेवलं. आवाज एचडीएमआयमधून येत असेल तर एचडी ऑडिओही ठेवा.

डेस्कटॉप विंडो मॅनेजर लगेच एक टक्क्यावर आला. यूट्यूब मात्र अजून ५५ टक्के घेत होतं. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं तर कोडेकपुढे, म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीने आवळलाय त्यापुढे, व्हीपी९. हे कार्ड एच.२६४ उलगडतं, व्हीपी९ आणि एव्ही१ नाही. तो भार प्रोसेसरवरच पडतो. एच२६४आयफाय हे एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब एच.२६४ पाठवतं, आणि १०८०पर्यंत त्यात काही अडत नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू हवं, एवढं बघायचं. वापर १८ टक्क्यांवर आला.

तरी दिवसातून एक-दोनदा पडदा क्षणभर काळा व्हायचा. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत त्या वेळेला ४१०१ क्रमांकाची नोंद : ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो सावरला. कार्डाकडून दोन सेकंद उत्तर आलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. विंडोजची आतली सेटिंग्ज जिथे असतात त्या रजिस्ट्रीत ही मुदत वाढवायचा सल्ला सर्रास दिला जातो, मला तो पटत नाही. कार्ड उत्तर का देत नाही हे त्याने कळत नाही, पडदा फक्त जास्त वेळ गोठतो. कार्ड काढून बघितलं तर खालची सोनेरी पट्टी पावसाळी हवेने काळवंडली होती. पांढऱ्या खोडरबराने दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासली, भुगा ब्रशने झाडला, अल्कोहोलने पुसली आणि स्लॉटची खिट्टी बसेपर्यंत कार्ड दाबलं. रॅमलाही तेच केलं. ४१०१ पुन्हा आलेला नाही.

शेवटी लॅन जोडण्याआधी सिस्टीम प्रॉपर्टीजच्या हार्डवेअर टॅबमधल्या डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये ‘नो’ केलं, म्हणजे चाललेला ड्रायव्हर आपोआप बदलण्याची शक्यता कमी होते. ३९१.३५ची फाइल डी ड्राइव्हवर ठेवली, आणि कॅबिनेटच्या झाकणाला आतून कागदाची पट्टी चिकटवली : ‘जीटी ७३० फर्मी, ०एफ०२, ३९१.३५’. पुढच्या फॉरमॅटला झाकण उघडणारा दुसराच कुणी असू शकतो.