बोगद्यांच्या देशात पाच जण

पश्चिम नॉर्वेला गाडीने जाणार असाल तर नकाशावरचे किलोमीटर बघून बेत आखू नका, हे आधीच सांगून टाकते. बर्गनहून गुडवांगेन दीडशे किलोमीटरही नाही. नवऱ्याने घरी बसून हिशेब केला होता, अडीच तास. लागले सव्वापाच. रस्ता रिकामा होता, गर्दी नव्हती, आम्ही चुकलोही नाही. दर दहा मिनिटांनी मागून कुणीतरी "थांबव, थांबव" ओरडायचं, एवढंच. बहुतेक वेळा ओरडणाऱ्या आमच्या सासूबाई असायच्या.

आम्ही पाच जण: आम्ही दोघं, बारा वर्षांची लेक, सात वर्षांचा धाकटा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. जूनचा पहिला आठवडा निवडला, कारण पंधरा जूनला शाळा. पण नाइलाजाने निवडलेली ही वेळ फार चांगली निघाली. डोंगरावरचं बर्फ वितळत असतं, त्यामुळे धबधबे भरून वाहतात, आणि घाटमाथ्यावरचे हिवाळाभर बंद असलेले रस्ते नुकते उघडलेले असतात. मात्र "नुकते" हे नक्की नसतं. एखाद्या वर्षी उशीर होतो, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी रस्त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर बघायचंच.

कागदपत्रांचं थोडक्यात. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे व्हिसा तोच. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि आपला मूळ परवानाही सोबत ठेवा. गाडी उजव्या बाजूने चालवायची, दिवसाही हेडलाइट लावून. दारूची मर्यादा 0.2 प्रति हजार, म्हणजे जवळजवळ शून्यच समजा. वस्तीत 50, बाहेर 80 ही साधारण वेगमर्यादा. दंड ऐकून घाम फुटतो आणि कॅमेरे बोगद्यातही असतात. दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजणारेही आहेत, तेव्हा कॅमेरा दिसला की ब्रेक, गेला की अॅक्सिलरेटर, हा आपला एक्स्प्रेसवेवरचा खेळ तिथे चालत नाही.

135 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खास आसन लागतं. आम्ही ते आगाऊ नोंदवलं होतं, पैसेही भरले होते, आणि गाडी देणाऱ्यांकडे ते नव्हतंच. दुसरीकडून येईपर्यंत पाऊण तास विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभे होतो, अर्थात पावसात. बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. तिथली माणसं छत्री फारशी वापरत नाहीत, रेनकोट घालून फिरतात. आपण पावसाळ्यात वाढलेली माणसं, म्हणून मी पुण्याहून चार छत्र्या नेल्या होत्या. बंदरावरच्या वाऱ्याने पहिल्याच संध्याकाळी दोन उलट्या केल्या.

बर्गनची ब्रुग्गेन या जुन्या धक्क्यावरची लाकडी घरं आणि फ्लोयेनच्या टेकडीवर नेणारी छोटी रेल्वे, दोन्ही एका संध्याकाळी होतं. जूनमध्ये अकराच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळ संपतच नाही. शनिवारी पोहोचलात तर त्या रात्रीच किराणा घ्या. रविवारी किवी, रेमा 1000 ही स्वस्त दुकानं बहुतेक ठिकाणी बंद असतात. नाहीतर पेट्रोल पंपावरचा हॉटडॉग खावा लागतो, तोही साधारण चारशे रुपयांना एक. हॉटेलात पाच जणांचं एक जेवण दहा हजारांत पडतं. आम्ही एकदाच जेवलो, आणि माशाचं सूप उत्तम होतं हे कबूल करते.

म्हणून स्वयंपाकघर असलेल्या लाकडी केबिन घ्या. त्यांना तिथे ह्यूत्त म्हणतात. कॅम्पिंगच्या जागी त्या मिळतात, हॉटेलच्या निम्म्या भावात. पण बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा: बऱ्याच ठिकाणी चादरी, उशांचे अभ्रे आपले आपण न्यायचे असतात आणि निघताना केबिन झाडूनपुसून द्यायची असते. आम्ही वाचलं नव्हतं. पहिल्या रात्री सासूबाईंची शाल, माझी ओढणी आणि तीन टॉवेल यांवर पाच जण झोपलो.

खाण्याच्या सामानाचंही एक ऐका. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच. मेतकूट, पोहे, डाळ-तांदूळ, मसाले न्या. सासूबाईंना हे तुपाचं काही पटलं नाही. त्यांनी तिथलं लोणी विकत घेऊन केबिनमध्ये कढवलं, आणि ते उत्तम कढलंही. मग उत्साहात वरणाला फोडणी. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची पडली, आणि छतावरचा धुराचा अलार्म असा किंचाळायला लागला की शेजारच्या केबिनमधलं जर्मन जोडपं बाहेर आलं. नवरा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, धाकटा कान धरून नाचतोय, आणि सासूबाई शांतपणे म्हणतात, "अरे, खिडकी उघडा ना, वरण जळेल." तर, फोडणीआधी खिडकी. आणि कुकर नेणार असाल तर सपाट बुडाचा न्या, बहुतेक शेगड्या काचेच्या असतात.

आता रस्त्याकडे वळते. गुडवांगेनहून नॅरॉयफ्योर्डमधून फ्लोमला बोट जाते, साधारण दोन तास. फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. हा फ्योर्ड 2005 पासून जागतिक वारसा यादीत आहे. सगळ्यात चिंचोळ्या जागी तो जेमतेम 250 मीटर रुंद आहे आणि दोन्हीकडे सरळ उभे कडे. बोट विजेवर चालते, आवाज नाही, त्यामुळे वरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. अडचण एकच, गाडीचं काय करायचं? आमचा तोडगा असा: आम्ही चौघं बोटीत आणि नवरा गाडी घेऊन रस्त्याने. रस्ता वीसेक किलोमीटरचा, त्यातला बराचसा बोगदाच. त्याने मधल्या वेळात उंद्रेदाल गाठलं. मोजक्या वस्तीचं हे गाव शेळ्यांच्या चीजसाठी प्रसिद्ध आहे. फ्लोमच्या धक्क्यावर तो हातात तपकिरी ठोकळा घेऊन उभा होता. हे ब्रूनोस्त. चीज करताना उरलेलं निवळीचं पाणी आटवत आटवत करतात, त्यातली साखर तांबूस होते. सासूबाईंनी एक कातळी जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "हा तर जरा खारट झालेला कंदी पेढा!" साताऱ्याच्या माणसाने याहून वेगळं काय म्हणायचं?

फ्लोमच्या प्रसिद्ध रेल्वेत आम्ही बसलो नाही. 1940 पासून चालणारी वीस किलोमीटरची ती गाडी 866 मीटरवरच्या म्यूर्दालला चढते आणि सुंदर आहे असं सगळेच सांगतात. पण पाच तिकिटांचा आकडा पाहून आम्ही मागे फिरलो, आणि गाडी हाताशी असणाऱ्याने तो पैसा वाचवला तरी चालेल असं माझं मत आहे. खुद्द फ्लोममध्ये मोठी क्रूझ जहाजं लागलेली असताना थांबू नये. एवढ्याशा गावात हजारो माणसं. संध्याकाळी जहाज गेलं की तेच गाव आपलं.

मुक्काम तिथेच जवळ, औरलँडला, दोन रात्री. मधला दिवस माझ्या मते सगळ्या सहलीचा कळस होता. त्याचा क्रम मुद्दाम सांगते, कारण उलटा केला तर मजा कमी होते. सकाळी लेरदालच्या बोगद्यातून जा. 2000 साली सुरू झालेला हा बोगदा 24.5 किलोमीटर लांब आहे, रस्त्यावरचा जगातला सगळ्यात लांब. टोल नाही. इतका वेळ अंधारात चालवताना चालकाला गुंगी येऊ नये म्हणून मध्ये तीन मोठ्या गुहा कोरल्या आहेत. खाली पिवळसर आणि वर निळा उजेड, पहाट होत असल्यासारखा. धाकटा दर गुहेला टाळ्या वाजवत होता. तिसऱ्या गुहेनंतर झोपला.

पलीकडे उतरून बोर्गुंडचं लाकडी चर्च बघा. बाराव्या शतकाच्या अखेरचं, छपरावर छप्पर रचलेलं, टोकांना लाकडी सर्पमुखं. आत गेल्यावर डांबराचा वास भिनतो. लाकूड टिकावं म्हणून आठशे वर्षं त्यावर डांबर फासत आले आहेत. आत अंधार आहे, डोळे सरावायला वेळ द्या.

परतताना बोगदा नाही, डोंगरावरचा जुना रस्ता. औरलँड्सफ्येलेट. 47 किलोमीटर, माथा 1306 मीटरवर, हिवाळाभर बंद. वर पोहोचलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाडीहून उंच बर्फाच्या भिंती होत्या, मधून एकच काळी पट्टी. मुलांनी पंधरा मिनिटं बर्फ फेकलं, सासूबाईंनी साडीवर नवऱ्याचं जाकीट चढवून फोटो काढून घेतला. वेडाहाउगाने नावाच्या थांब्यावर एका गुहेत झोपलेल्या अस्वलाची कलाकृती आहे. पायवाट बर्फाखाली होती, त्यामुळे ते राहिलं. लेक अजून ऐकवते.

या रस्त्यावर गाडी एकच मावेल इतकी जागा असते. निळ्या पाटीवर पांढरा एम दिसला की तिथे रस्ता रुंद केलेला असतो, समोरच्याला जाऊ देण्यासाठी. तो आपल्या उजव्या हाताला असेल तर आपणच थांबायचं, जवळ नसेल तर तिथे येईपर्यंत मागे घ्यायची तयारी ठेवायची. आणि तिथे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत. मेंढ्या रस्त्यात बसतात, हॉर्नला भीक घालत नाहीत.

उतरताना स्टेगास्टाइन. फ्योर्डपासून 650 मीटर उंचीवर लाकूड आणि पोलादाचा एक सज्जा तीस मीटर हवेत काढला आहे. टोकाला कठडा दिसतच नाही, फक्त काच. सासूबाई मध्यापर्यंत आल्या, तिथून "दिसलं" म्हणाल्या आणि वळल्या. तिथलं स्वच्छतागृह मात्र चुकवू नका, गंमत नाही करत आहे. एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच आणि खाली अख्खी दरी. बाहेर लांबच लांब रांग होती आणि प्रत्येक जण आत जास्तच वेळ घेत होता.

गाडी विजेची होती. नॉर्वेत आता नव्या गाड्यांतल्या बहुसंख्य विजेच्याच असतात, भाड्यानेही त्याच सहज मिळतात. माथ्यावरून औरलँडला उतरेपर्यंत बॅटरी कमी व्हायच्या ऐवजी चार टक्क्यांनी वाढली, तेव्हा नवऱ्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा. व्हॉस, फ्लोम, लेरदाल, सगळीकडे चार्जर आहेत. पण एका ठिकाणी अॅप आमचा भारतीय मोबाइल नंबरच घेईना. मागे उभ्या असलेल्या बाईंनी स्वतःच्या अॅपवरून चार्जिंग सुरू करून दिलं आणि पैसे रोख घेतले. बँक कार्ड चालणारे चार्जर आधी शोधून ठेवा आणि बॅटरी तीस टक्क्यांखाली जाऊ देऊ नका.

चौथ्या दिवशी व्हॉसला परत येऊन दक्षिणेला, हार्डांगरकडे. इथे आम्ही चुकलो, आणि चुकलो बोगद्याच्या पोटात. डोंगराच्या आत निळ्या उजेडाचा एक गोल चौक आहे. त्यातून बरोबर फाटा घेतला की थेट हार्डांगर पुलावर बाहेर पडता, चुकीचा घेतला की उल्विकच्या रस्त्याला. जीपीएस बोगद्यात आंधळं झालेलं. आम्ही दुसऱ्या मार्गाने बाहेर पडून, वळून, पुन्हा आत. पाट्यांवरचं गावाचं नाव आधी पाठ करा. पूल 2013 चा, मधला गाळा 1310 मीटरचा, आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा बोगदा, पुन्हा गोल चौक. दुसऱ्यांदा मुलांनी एकसुरात "आइडफ्योर्ड, आइडफ्योर्ड" म्हणून वाट दाखवली.

व्होरिंग्सफॉसेनचा धबधबा 182 मीटर. दरीवर 2020 साली बांधलेला पायऱ्यांचा पूल आहे. आम्ही दोघं आणि लेक गेलो, ज्यांना उंचीची भीती आहे त्यांच्यासाठी अलीकडचे सज्जे पुरेसे आहेत. वारा असेल तर तुषारांनी ओले व्हाल. ट्रोलटुंगाच्या खडकाचे फोटो पाहून तिकडे जायचा मोह होतो, पण जाऊन-येऊन दहा तासांची चढाई आहे, सात वर्षांच्या मुलाला घेऊन तो विषयच नको.

रात्री लोफ्टहूसजवळ. फ्योर्डच्या काठाने फळबागा, सफरचंदं आणि चेरी. जूनमध्ये फळं नसतात, पण रस्त्याकडेला सफरचंदाच्या रसाचे बिनमाणसाचे ठेले होते: बाटल्या, किमतीची पाटी आणि एक डबा. पैसे बहुतेक जण तिथल्या मोबाइल अॅपवरून देतात, ते अॅप आपल्याकडच्या बँकेवर चालत नाही. म्हणून थोडे क्रोनर रोख ठेवाच, एरवी सगळीकडे कार्ड चालतं. आमच्याकडे नेमके सुटे नव्हते. लेकीने बाटली परत जागेवर ठेवली, तेव्हा मला जरा वाईट वाटलं आणि जरा बरंही.

शेवटच्या दिवशी किन्सार्विकहून फेरीबोटीने क्वान्दाल. गाडी सरळ बोटीत चढवायची, पैसे मागायला कुणी येत नाही, कॅमेरा नंबर टिपतो. वाटेत स्टाइन्सदाल्सफॉसेनला थांबा. धबधब्याच्या मागून चालत जाता येतं, वाट चांगली आहे, सासूबाई हात न धरता गेल्या. संध्याकाळी बर्गनच्या दुकानातल्या मशीनमध्ये मुलांनी पाच दिवसांच्या रिकाम्या बाटल्या टाकल्या. प्रत्येकीवर ठेव असते, लहानीला 2, मोठीला 3 क्रोनर. सव्वीस क्रोनर परत आले, त्याचं चॉकलेट.

टोलनाके कुठेच दिसले नाहीत म्हणून खूश होऊ नका. सहा आठवड्यांनी कार्डावर सगळे टोल, फेरीचे पैसे आणि वर गाडीवाल्यांचं "हाताळणी शुल्क" असं एकत्र आलं. हे शुल्क किती, ते गाडी घेतानाच विचारा. आम्ही चादरींसारखंच तेही वाचलं नव्हतं.