बेंचची नोंद: व्हेरिएबल पॉवर सप्लाय आला, करंटच्या नॉबसाठी

ऐरोलीच्या घरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बेंचवर अखेर स्वतंत्र व्हेरिएबल पॉवर सप्लाय आला, म्हणजे हवं तेवढं व्होल्टेज आणि करंट नॉबने लावता येणारा डीसी सप्लाय. ०–३० व्होल्ट, ०–३ अँपिअर, लिनिअर (स्विचिंग न करणारा), एकच चॅनेल, म्हणजे एकच आउटपुट. निवडताना काय पाहिलं, घरी आणून काय तपासलं आणि सध्याच्या कामात तो कसा वापरतोय, ते लिहून ठेवतोय. सप्लाय घेताना व्होल्टेजपेक्षा करंटचा नॉब (जास्तीत जास्त किती करंट जाऊ द्यायचा ते लिमिट ठरवणारा) कसा आहे ते आधी बघा, असं माझं ठाम मत झालंय.

आतापर्यंत बेंच चालायचा एका जुन्या अडॅप्टरवर आणि त्यापुढे जोडलेल्या एक्सएल४०१५ चिपच्या बक मॉड्यूलवर (स्विचिंग करून व्होल्टेज खाली आणणारा छोटा बोर्ड). हे मॉड्यूल स्वस्तात मस्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या करंट लिमिटवाल्या बोर्डांवर करंट मोजणारा रेझिस्टर निगेटिव्ह लाइनमध्ये असतो, त्यामुळे इनपुटचा मायनस आणि आउटपुटचा मायनस एक नसतात. अडॅप्टरचा मायनस अर्थला (भिंतीतल्या अर्थिंगला) जोडलेला असेल आणि बोर्ड यूएसबीने डेस्कटॉपला किंवा ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे स्कोपच्या, ग्राउंड क्लिपला लावला, तर तो रेझिस्टर बाजूला पडतो आणि करंट लिमिट उरतच नाही. शिवाय १८० किलोहर्ट्झचं स्विचिंग आउटपुटवर दिसतं ते वेगळंच. ऑप-ॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) सर्किटमधला आवाज सर्किटचा की सप्लायचा, हे कळायला मार्ग नाही.

शेजारचे काका वागळे इस्टेटमध्ये टेस्टिंगला होते, आता निवृत्त आहेत. त्यांना विचारलं, तर त्यांनी कंपनीचं नाव सांगितलंच नाही. म्हणाले, "अरे, आधी करंट बांध, मग व्होल्टेज चढव. एवढं नीट करता येईल असा कुठलाही घे." सगळी निवड मग याच वाक्यावरून केली.

खोक्यावर ठळक छापलेला आकडा असतो जास्तीत जास्त अँपिअरचा. माझी कामं बघितली तर ईएसपी३२ (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर), रिले, सेन्सर, थोडं ऑडिओ. एक अँपिअरच्या वर क्वचितच जातो. मला हवा होता खालचा टोक: १ मिलिअँपिअरपर्यंत वाचणारा डिस्प्ले. तीन आकडी डिस्प्ले १० मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी चढतो, त्यावर ८ मिलिअँपिअर खाणारा बोर्ड आणि १२ खाणारा बोर्ड सारखेच दिसतात. चार आकडी घ्या, अँपिअर कमी पडले तरी चालतील.

लिनिअर की एसएमपीएस (स्विचिंगवाला सप्लाय), यावर बराच घोळ घातला. एसएमपीएस हलका, गार आणि त्याच पैशात जास्त अँपिअर देणारा. मोटर, एलईडी पट्ट्या, बॅटरी यांच्यासाठी मी तोच सुचवीन. लिनिअरमध्ये उरलेलं सगळं व्होल्टेज ट्रान्झिस्टरवर उष्णता होऊन जातं. आतला कच्चा डीसी ४० व्होल्ट धरला आणि बाहेर ३.३ व्होल्टला ३ अँपिअर काढले, तर (४० − ३.३) × ३, म्हणजे ११० वॉट नुसते हीटसिंकवर. म्हणून बरे लिनिअर सप्लाय ट्रान्सफॉर्मरचे टॅप रिलेने बदलतात. व्होल्टेजचा नॉब फिरवताना मध्येच 'टक्' आवाज येतो तो त्याचाच. मी लिनिअर घेतला तो शांत आउटपुटसाठी आणि दुरुस्तीसाठी. डिप्लोमाच्या लॅबमध्ये आमच्याकडे ॲप्लॅबचे सप्लाय होते. १९६२ पासूनची ही आपल्या ठाण्याची कंपनी. त्या पिढीच्या सप्लायमध्ये सगळे भाग हाताने बदलता येण्यासारखे असत. ७२३ ही व्होल्टेज रेग्युलेटरची चिप फेअरचाइल्डने १९६७ मध्ये आणली. तिच्या पुढे टू-एन-३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर जोडून बांधलेले सप्लाय आजही चालू हालतीत सापडतात. जुना मिळत असेल आणि पॉट (नॉबमागचे बदलते रेझिस्टर) खरखरत नसतील तर जरूर घ्या. पॉट मात्र तपासाच. झिजलेल्या पॉटचा स्लायडर क्षणभर सुटला, तर काही सर्किटांत आउटपुट थेट वरच्या टोकाला उडतं.

एलएम३१७ या रेग्युलेटर चिपवर स्वतः बांधा, असंही काही जण सुचवतात. शिकायला उत्तम. पण तो १.२५ व्होल्टच्या खाली सहज जात नाही आणि बदलतं करंट लिमिट त्यात वेगळं घडवावं लागतं. माझी गरज नेमकी तीच होती.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात केली. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून दादर, मग ग्रँट रोड. पिशवीत मल्टिमीटर आणि १० ओहम, ५० वॉटचा ॲल्युमिनियमच्या खोळीतला रेझिस्टर नेला होता. दुकानदारांनी "लावा साहेब, बघून घ्या" म्हणत काउंटर मोकळा करून दिला. १० व्होल्ट लावले, लिमिट अर्ध्या अँपिअरवर आणलं आणि रेझिस्टर जोडला. व्होल्टेज ५ वर उतरलं, सीसीचा (करंट लिमिटवर धरल्याचा) दिवा लागला, आकडा हलला नाही. मग टर्मिनल शॉर्ट केले, तरी अर्धा अँपिअर तिथेच. शॉर्ट झाल्यावर आउटपुट बंद करणारा सप्लाय आणि करंट धरून ठेवणारा सप्लाय या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला नुसतं संरक्षण असतं. आपल्याला दुसरा हवा, आणि तो फरक काउंटरवरच कळतो. येताना ट्रान्सफॉर्मरचं वजन दोन्ही जिन्यांवर जाणवलं.

घरी आल्यावर सगळ्यात आधी भिंतीचा सॉकेट बघितला. आमची बिल्डिंग जुनी आहे आणि अर्थिंगवर डोळे मिटून विश्वास टाकणं बरं नाही. फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल जवळजवळ सारखं आलं, न्यूट्रल-अर्थ अगदी थोडं. एवढ्याने अर्थची तार मोठा फॉल्ट करंट झेलेल हे सिद्ध होत नाही, म्हणून वायरमनकडून जोड तपासून घेतले. एसएमपीएस वापरणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. त्यात मेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये छोटा वाय कपॅसिटर असतो. अर्थ नसेल तर आउटपुट मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतं. २.२ नॅनोफॅरडमधून २३० व्होल्टला जेमतेम ०.१६ मिलिअँपिअर जातात, बोटाला फक्त झिणझिण्या येतात, पण नाजूक सीमॉस चिपच्या इनपुटला तेवढंही नको.

पुढच्या पॅनेलवर तीन टर्मिनल आहेत: लाल, काळा, हिरवा. हिरवा म्हणजे अर्थ. काळा अर्थला जोडलेला नाही, आउटपुट तरंगतं आहे, आणि मी ते तसंच ठेवतो. मायनस अर्थला लावायचा असेल तेव्हा पट्टी जोडायची, विचार करून.

मग स्कोप. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाची स्प्रिंग लावली, एसी कपलिंग, २० मेगाहर्ट्झचं बँडविड्थ लिमिट. लांब वायर ठेवली तर ती खोलीतला सगळा कचरा पकडते आणि दोष सप्लायवर येतो. एक अँपिअर लोडवर १०० हर्ट्झची अगदी बारीक लाट दिसली, बाकी रेषा स्वच्छ. ५० हर्ट्झ फुल-वेव्ह रेक्टिफाय केल्यावर १०० च येणार. त्यानंतर सिंगल ट्रिगर लावून मेन स्विच चालू-बंद केला. ही चाचणी मला रिपलपेक्षाही (त्या बारीक लाटेपेक्षाही) महत्त्वाची वाटते. ३.३ व्होल्टवर ठेवलेला सप्लाय वीज जाता-येता क्षणभर वर उसळत असेल, तर बोर्ड गेलाच. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा मिचकावते ते सांगायला नको. मल्टिमीटरला ती उसळी दिसत नाही, स्कोपच हवा. माझा सप्लाय न उसळता चढतो आणि उतरतो.

सोबत आलेल्या क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी बाजूला ठेवल्या. १.५ चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉन वायरला बनाना पिन लावून नवीन जोडी केली. या जाडीची तांब्याची वायर मीटरला साधारण १२ मिलिओहम देते. जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे २ अँपिअरला सुमारे ५० मिलिव्होल्ट गळतात. ०.५ ची वायर असती तर तोच आकडा तिप्पट झाला असता, आणि ३.३ व्होल्टच्या बोर्डला ते जाणवतं. डिस्प्ले टर्मिनलवरचं व्होल्टेज दाखवतो, बोर्डवरचं नाही. जास्त करंटचं काम असेल तर मीटरच्या पिना बोर्डवर टेकवूनच नॉब फिरवायचा.

आता वापर. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारा ईएसपी३२ चा नोड बनवतोय. नवा बोर्ड सोल्डर झाला की ५ व्होल्ट आणि ५० मिलिअँपिअर लिमिट. कुठे सोल्डरचा पूल राहिला असेल तर व्होल्टेज खाली बसतं, धूर निघत नाही. सगळं ठीक दिसलं की लिमिट वाढवायचं, आणि इथे कंजूषपणा चालत नाही. वायफाय चालू होताना हा चिप थोड्या वेळासाठी २४० मिलिअँपिअरच्या घरात जातो, आणि तो बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीचा सल्ला ५०० मिलिअँपिअर देऊ शकणाऱ्या सप्लायचा आहे. लिमिट २०० वर ठेवलं तर बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो आणि सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा (व्होल्टेज खाली गेल्याचा) संदेश येत राहतो. अशा वेळी कोड तपासत बसू नका, लिमिट बघा. डिस्प्लेवर तो झटका दिसणारही नाही, कारण आकडा सेकंदातून मोजक्याच वेळा बदलतो.

सीसीचा आणखी एक बारकावा, ज्यावर फार कमी बोललं जातं. सप्लायच्या आउटपुटवर आत कपॅसिटर असतो. समजा ४७० मायक्रोफॅरड आणि व्होल्टेज २४ वर. त्यात सुमारे ०.१३५ ज्यूल साठलेत. लिमिट २० मिलिअँपिअर असलं तरी नुसता एलईडी टेकवताक्षणी हा साठा त्यातून रिकामा होतो. लिमिट करणारं सर्किट कपॅसिटरच्या मागे आहे, ते इथे काही करू शकत नाही. म्हणून व्होल्टेज शून्यावर, मग जोडणी, मग हळूहळू वर. आउटपुटचं बटण बंद केलं की भागलं, असंही समजू नका. ते बटण रिलेने टर्मिनल तोडत असेल, तर आतला कपॅसिटर भरलेलाच राहू शकतो.

सगळ्यात समाधानाचं काम झालं ते पंपाच्या कंट्रोलर बोर्डवर. ५ व्होल्टची लाइन ग्राउंडला शॉर्ट. बोर्ड मेन्सपासून पूर्ण तोडला, सप्लाय १ व्होल्ट आणि १ अँपिअरवर ठेवला आणि त्या लाइनला जोडला. सीसी लागला. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून लाइन आणि ग्राउंडमधलं व्होल्टेज जागोजागी मोजत गेलो. जिथे ते सर्वात कमी, तिथे शॉर्ट. तीन कपॅसिटर शेजारी होते, म्हणून वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब पसरला. मधल्यावरचं आधी उडालं, म्हणजे गरम होणारा तोच. तो काढला, शॉर्ट गेला. काकांना दाखवला तर त्यांनी चिमट्यात धरून उजेडात बघितला आणि विचारलं, "बाकीचे दोन बदललेस का?" त्याच वयाचे होते, तेही बदलले.

नोडची १८६५० (लिथियम-आयन) बॅटरीही याच सप्लायवर चार्ज केली: ४.२० व्होल्ट, २६०० मिलिअँपिअर-अवरच्या सेलला १.३ अँपिअर लिमिट, करंट १३० मिलिअँपिअरच्या खाली आला की काढायची. समोर बसून, कारण सप्लाय स्वतःहून थांबत नाही. आणि बॅटरी जोडलेली असताना सप्लाय बंद करायचा नाही, ती उलट आत करंट ढकलते.

पुढचं काम ऑडिओ प्रीॲम्पचं, त्याला ±१५ व्होल्ट हवेत. आउटपुट तरंगतं असल्याने दुसरा सप्लाय सिरीजमध्ये लावून मधला जोड ग्राउंड धरता येईल. दुसरा जुना बघतोय. तुमच्यापैकी कुणी दोन वेगवेगळ्या मेकचे असे जोडून वापरत असाल, तर चालू होताना एक आधी आणि एक उशिरा आल्याने ऑप-ॲम्पला त्रास होतो का, ते सांगा. मी दोन्ही लाइनवर उलटे शॉटकी डायोड टाकायचं ठरवलंय.