देव्हाऱ्यातला बिल्ला घेऊन बेळगावला

खानापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी देव्हाऱ्यात खंडोबाचे दोन टाक आहेत. एक सोनाराने घडवलेला, चौकोनी. दुसरा गोल, हळदीने पार बुजलेला. घोडा दिसतो, घोड्यावर स्वार दिसतो, टापांखाली काहीतरी तुडवलेलं दिसतं. घरातल्या बायकांनी त्याला खंडोबा मानलं आणि तळी भरताना तोही ताटात आला. पणजोबांचा पलटणीतला बिल्ला तो हाच, हे घरात एका आत्याला सोडून कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

यंदा तिची परवानगी काढून तो कोमट पाण्यात धुतला. हळद सुटली तसं कळलं, स्वाराच्या अंगावर चिंधीसुद्धा नाही. मी गोंधळलो. आत्या म्हणाली, "असू दे की. देव काय कापडं घालून जन्मलाय?"

हे ब्रिटिश वॉर मेडल. चांदीचं. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा सेंट जॉर्ज आणि १९१४, १९१८ ही सालं. पण खरी गोष्ट असते कडेवर. पहिल्या महायुद्धाच्या या मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला की अक्षरं उठून दिसतात. आमच्यावर पणजोबांचं नाव निघालं, थोडं वाकडं, आणि पुढे '११० मराठाज'.

घरात माहिती एवढीच, की पणजोबा "बसऱ्याला होते".

म्हणून मेडल रुमालात बांधून बेळगाव गाठलं. गेलो ते नेमका ४ फेब्रुवारीला. कोंढाणा सर केल्याचा हा दिवस मराठा लाईट इन्फंट्री आपला दिवस म्हणून पाळते, तेव्हा त्याच दिवशी जायचं असं मीच ठरवलेलं. आधी कुणाला विचारलं नाही, फोन केला नाही, त्यामुळे फाटकावरूनच परत फिरलो. चूक शंभर टक्के माझी. मागून जाणाऱ्यांनी हे एवढं ऐकाच: मराठा लाईट इन्फंट्रीचं इथलं रेजिमेंटल सेंटर ही लष्करी हद्द आहे. तिथे म्युझियम आहे, पण आधी चौकशी केल्याशिवाय जाऊ नका. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. ओळखीत कुणी निवृत्त सुभेदार-हवालदार असेल तर त्यांना बरोबर घ्या. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे असा माणूस दोन घरांआड सापडतो.

मला सापडले ते आत्याच्या जावेचे भाऊ. कॅम्पात चहा घेता घेता त्यांनी मेडल हातात घेतलं, कड फिरवली आणि म्हणाले, "एकशे दहा म्हणजे आताची तिसरी." हा हिशेब लिहून ठेवण्यासारखा आहे. १९२२ साली जुन्या पलटणी एकत्र करून नवे क्रमांक दिले. १०३ झाली पहिली, जिला जंगी पलटण म्हणतात आणि जिचा जन्म १७६८ चा. १०५ झाली दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. ११४ झाली दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. गंमत अशी की 'काळी पाचवी' म्हणतात ती दुसरीला. तेव्हा घरातले म्हातारे कुठल्या पलटणीचं नाव सांगतात ते जपून ऐका आणि कडेवरच्या आकड्याशी ताडून बघा.

मग ते म्हणाले, "म्हंजे कूत."

११० मराठाज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, इंग्रज जनरल टाउनशेंडच्या फौजेत होती. बगदाद घ्यायला निघालेली ही फौज नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला अडली आणि मागे हटत टायग्रिसकाठच्या कूत गावात शिरली. तुर्कांचा वेढा पडला ७ डिसेंबरला आणि शरणागती झाली २९ एप्रिल १९१६ ला. अन्न संपत गेलं तसे तोफखान्याचे आणि रिसाल्याचे घोडे कापले. हिंदी शिपायांनी ते मांस धर्मासाठी फार दिवस नाकारलं. धर्मगुरूंकडून मुभा मागवली गेली, आणि अगदी शेवटी शेवटी बऱ्याच जणांनी खाल्लं. जे कैद झाले त्यांची पुढची वाट वाळवंटातून होती.

पणजोबा आत होते का? कडेवरून ते कळत नाही. वेढ्यात पोहोचू न शकलेल्या मराठा शिपायांची बाहेर एक मिश्र पलटण केली होती, ती वेढा फोडायच्या लढायांत होती. ते तिच्यातही असू शकतात. एका मेडलवरून पणजोबांना कूतचा वीर करून टाकू नका, मलाही तो मोह झालाच होता.

पणजोबा परत आले. ज्यांचे आले नाहीत त्यांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधावं. हिंदी शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. फक्त स्पेलिंग कारकुनाने ऐकलं तसं, म्हणून मारुती चार-पाच तऱ्हांनी टाकून बघावा. मेसोपोटेमियात मेलेल्या, कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिकांसाठी बसरा स्मारक आहे, पण त्याच्या फलकांवर हिंदी शिपायांचे नुसते आकडे होते. गावच्या चावडीवरच्या पांढऱ्या फरशीचंही तेच, इतके गेले, इतके मेले. नावं कमिशनकडे मिळतात.

आणखी एक, मेडल चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. कडेची अक्षरं झिजतात. आमचं एवढं शाबूत राहिलं ते हळदीमुळे आणि देव्हाऱ्यामुळे. जोडीचं पितळेसारखं दिसणारं व्हिक्टरी मेडल मुलींनी ठिक्करबिल्ल्याला वापरलं आणि परड्यात कुठेतरी गेलं. चांदीची मेडलं तर कित्येक घरांत आटवली गेली.

परतताना खानापूरची बस धरली. पाटी कानडीत असते, कंडक्टरला मराठीत विचारा, सांगतात. तासाभराचं अंतर आहे.

घरी आत्याने मेडल परत देव्हाऱ्यात ठेवलं, हळद लावली. मी कूतबद्दल सांगितलं, घोड्यांचंही. तिने बोट पुसलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, "वरातीचा घोडा दारात आला की आज्जा उठून परड्यात जाऊन बसायचा बघ. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला वाजंत्री सोसत नाही."