हरभऱ्याच्या गाठीतलं रायझोबियम, प्रयत्न दुसरा

रायझोबियम म्हणजे मुळावरच्या गाठीत राहून झाडाला हवेतला नत्र देणारा जिवाणू, तो वेगळा काढून प्लेटवर वाढवायचाय. मागची बॅच पूर्ण वाया गेली. प्लेटभर बुरशी, मधे पिवळे ठिपके, आणि चूक माझीच, मुळं नुसती नळाखाली धुवून गाठी चिरडल्या होत्या, मग त्यावर मातीतलं सगळं गणगोत येणारच ना.

या वेळी भावाच्या शेतातून फुलावर आलेली दोन झाडं खुरप्याने खणून आणली (उपटू नका, गाठी मातीतच राहतात). एखादी गाठ फोडून बघायची, आत गुलाबी असली तर कामाची, तो लेगहिमोग्लोबिनचा (चालू गाठीतलं लाल प्रथिन) रंग, हिरवट-तपकिरी निघाली तर म्हातारी झालीये, सोडा. गाठ तोडताना मुळाचा जरासा तुकडा राहू द्या, चिमट्यात धरायला बरं पडतं.

30 सेकंद स्पिरिट, मग पाणी, मग 3 मिनिटं ब्लीच, मग कुकरमधून काढलेल्या पाण्यात 6 वेळा खळबळून घेतलं. स्पिरिट आणि ब्लीच एकत्र अजिबात येऊ देऊ नका, मधलं धुणं त्यासाठीच. आणि शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या प्लेटवर टाकलं. सहाव्या दिवशीपण ती प्लेट कोरी, म्हणजे गाठी चिरडून लावलेल्या बाकीच्या प्लेटवर जे आलं ते गाठीच्या आतलंच, हे आता छातीठोक सांगता येतं.

मीडिया (प्लेटमधलं जिवाणूंचं खाद्य) नेहमीचाच, लिटरला 10 ग्रॅम मॅनिटॉल, 1 ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, 0.5 डायपोटॅशियम फॉस्फेट, 0.2 मॅग्नेशियम सल्फेट, 0.1 मीठ, 15 अगर, वर 1 टक्का काँगो रेड (लाल रंग) 2.5 मिली. कुकरला शिट्टी झाली की गॅस बारीक करून 20 मिनिटं. आईने तो कुकर आता मलाच देऊन टाकलाय, त्यात भात लावायला ती तयार नाही.

रात्री गारठा असतो म्हणून थर्माकोलच्या खोक्यात छोटा बल्ब लावून 28 अंश धरलं. दोन दिवस काहीच नाही, चौथ्या दिवशी पांढऱ्या, ओलसर, शिजलेल्या साबुदाण्यासारख्या कॉलनी, लूप (तारेचं छोटं कडं) लावला की तार सुटते. पण एका प्लेटवर त्याच कॉलनी गुलाबी! मला वाटलं अ‍ॅग्रोबॅक्टेरियम (मातीतला दुसरा, असाच दिसणारा जिवाणू) घुसला, कारण तो रंग पितो, अर्धा तास डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं, काळा कागद संपला म्हणून तेवढी एकच प्लेट उघडी होती, आणि उजेडात रायझोबियमपण काँगो रेड ओढून घेतं. बल्ब मीच लावलेला! तीच कॉलनी नवीन प्लेटवर अंधारात वाढवली, पांढरीशुभ्र आली. ब्रोमोथायमॉल ब्लूच्या (आम्ल-अल्कली दाखवणारा रंग) प्लेटवर पिवळा रंग आला, म्हणजे आम्ल सोडणारं, हरभऱ्याला साजेसं. सोयाबीनचं असतं तर निळा यायला हवा होता. जुन्या प्लेटा परत कुकरमधून काढूनच टाकल्या.

खरी परीक्षा मात्र झाडावरच. कुकरमधून काढलेल्या वाळूत 5 कुंड्या कल्चर लावून, 5 कोऱ्या, पाण्यात नत्र सोडून बाकी सगळं. आज नववा दिवस, गाठी बघायला अजून दोन आठवडे तरी थांबावं लागेल. पाणी आधी कोऱ्या कुंड्यांना घालतोय, मग कल्चरवाल्यांना. काल झोपेत उलटं होता होता राहिलं.