आमची वाटचाल: इंचाला फूट

सोसायट्या, दवाखाने, दुकानं दिव्यांगांना सुगम करून देणं हे आमचं काम. दिव्यांग हक्क कायदा 2016चा, लागू झाला 19 एप्रिल 2017ला. पुढच्याच वर्षी परळला आमची फर्म सुरू झाली.

फर्म बुडता बुडता वाचली ती रॅम्पच्या उतारावरून. उतार 1:12, म्हणजे उंचीच्या एका इंचाला लांबीचा एक फूट. जोतं 18 इंच असेल तर रॅम्प 18 फूट, वर-खाली पाच-पाच फूट सपाट जागा, एकूण 28. सरळ बसत नसेल तर मध्ये पाच बाय पाचचा सपाट टप्पा घेऊन वळवायचा. आमच्याच भागातला एक कंत्राटदार तेच काम नऊ फुटांत, चेकर्ड प्लेट (नक्षी उठवलेला लोखंडी पत्रा) टाकून निम्म्या दरात करायचा. म्हणजे 1:6! चढवताना ढकलणाऱ्याचा दम निघतो, उतरताना व्हीलचेअर हातातून सुटते, पावसात प्लेट निसरडी होते ते वेगळंच. कमिट्या कोटेशनचा खालचा आकडा तेवढा बघायच्या. एका वर्षात अकरा कामं त्याच्याकडे गेली. कारागिरांचे पगार दागिने गहाण ठेवून दिले. तो राग अजून गेलेला नाही.

सावरलं ते दादरच्या एका सेक्रेटरीबाईंनी. शेजारच्या इमारतीतल्या त्या नऊ फुटी रॅम्पवर त्यांनी सगळ्या कमिटीसमोर आमची चार फुटी पाणसळ (सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी) ठेवायला लावली. बुडबुडा मध्ये येईपर्यंत उताराकडचं टोक उचललं, खाली टेप धरली: आठ इंच. चार इंचांच्या वर गेलं की रॅम्प नापास. काम त्याच संध्याकाळी आम्हाला मिळालं. ती पाणसळ आजही प्रत्येक साइटवर जाते.

'हा कायदा सरकारी इमारतींचा' असं कमिटीत हमखास ऐकू येतं. पण कायद्यातल्या खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी सोसायटीही येते. कलम 89 प्रमाणे पहिल्या भंगाला 10,000 रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला 50,000 ते 5 लाख. याच कायद्याखालचा, सुगमतेच्या निकषांचा नियम 15(1) नुसत्या शिफारशींवर थांबत होता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024ला तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला सांगितलं. तेव्हा खर्च पुढे ढकलू नका.

संडासातल्या आधारदांड्याकडेही बघा. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर (भिंतीत रुतवायचा बोल्ट) माणसाच्या वजनाने उपटून येतो. भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी हवीच. दार 900 मिमीचं मागवलं तर चौकट आणि पल्ला जाऊन वाट कमी उरते, म्हणून मोकळी वाट मोजून द्या. दार बाहेर उघडू द्या. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अडतं. रॅम्पच्या पायथ्याच्या गटारावरच्या जाळीच्या फटी जायच्या दिशेला आडव्या येतील अशा बसवा, नाहीतर पुढचं छोटं चाक फटीत रुततं.

दादरला आता दुसऱ्या विंगचं काम आहे. तिथे जोतं 21 इंच, म्हणून 21 फूट धरलेत, मध्ये एक वळण. सेक्रेटरीबाईंनी मोजून पाहिलं.